कात्री कुठे लागली, ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. मी धर्मगुरू नाही, सिस्टर नाही. आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली आणि तितकीच वर्षं रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथोलिक चर्चमधल्या उपासनेत, बायबलचे उतारे वाचायला वाचनपीठावर उभी राहिले. आता नव्या वाचकांना तयार करते आणि दर आठवड्याच्या वाचनांवर चिंतन लिहिते. ईशज्ञानाचे अवघड प्रश्न माझ्याकडे पाठवू नका, मी ते फादरांकडे ढकलते. वाचनांबद्दल मात्र काहीही विचारा.

मिस्सेआधी आमच्या गटात मला दहा मिनिटं चिंतन मांडायचं असतं. पहिलं वाचन आणि शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) यांचा मेळ लागतो, मधलं पत्राचं वाचन मात्र कुठेच बसत नाही. तिन्ही एका सूत्रात कशी ओवायची? (एक गटप्रमुख)

ओवू नका. ती एका सूत्रात ओवलेलीच नाहीत.

हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझी सहा-सात वर्षं वाचली असती. शनिवारी रात्री मी तिन्ही वाचनं समोर घेऊन बसायची आणि मधल्या वाचनाचा एखादा शब्द पकडून त्याला दोन्हीकडून गाठ मारायची. एकदा मार्था आणि मरियेचा प्रसंग होता: येशू घरी आलेला, मार्था पाहुणचाराच्या धावपळीत आणि बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली. मधे संत पौलाचं कलस्सैकरांस पत्र, त्यात तो स्वतःच्या देहात सोसलेल्या दुःखांविषयी बोलतो. मी बेधडक लिहून टाकलं की पौलाचं दुःख म्हणजेच मार्थेचा थकवा! चिंतन वाचून आमचे एक वृद्ध फादर म्हणाले, ‘‘पौल तुरुंगात होता गं, स्वयंपाकघरात नव्हता.’’ मग त्यांनी मला मांडणी समजावून सांगितली, तीच तुम्हाला सांगते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज संमत केला. बायबलचा खजिना श्रद्धावंतांसाठी अधिक सढळपणे खुला करावा, असं त्याच्या ५१व्या परिच्छेदात म्हटलं आहे. तोवर मिस्सेतली रविवारची वाचनं दरवर्षी तीच ती असत, आणि जुना करार रविवारी फारसा कानावर पडत नसे. परिषदेनंतर तज्ज्ञांनी काम केलं आणि २५ मे १९६९ रोजी वाचनांची नवी रचना जाहीर झाली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात बसवली गेली. सामान्य काळातल्या, म्हणजे सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षातल्या, रविवारी शुभवर्तमान ओळीने पुढे जातं. त्याला साजेसा उतारा जुन्या करारातून निवडला जातो, ते झालं पहिलं वाचन. त्यावर आपलं उत्तर म्हणजे स्तोत्र. आणि पत्राचं वाचन? ते स्वतंत्र रुळावरून धावतं. एक पत्र घ्यायचं आणि रविवारमागून रविवार थोडं थोडं वाचत जायचं. मार्थेच्या त्या रविवारी कलस्सैकरांस पत्राच्या चार हप्त्यांपैकी दुसरा हप्ता होता, इतकंच. शुभवर्तमानाशी तो जुळला तर योगायोग.

आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचे) आणि मोठे सण यांची गोष्ट वेगळी. तिथे मधलं वाचनही त्या काळाचं मर्म पाहून निवडलेलं असतं. म्हणून आगमनकाळात तुमचा मेळ आपोआप बसला असेल आणि जुलैत फसला असेल. दोष तुमच्या चिंतनशक्तीचा नाही.

तेव्हा सामान्य काळात जोडी लावायची ती पहिलं वाचन, स्तोत्र आणि शुभवर्तमान यांची. आता मार्थेच्याच रविवारकडे परत या. क वर्षाचा सोळावा रविवार (तीन वर्षांच्या फेऱ्यातल्या वर्षांना अ, ब, क म्हणतात). पहिलं वाचन उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातलं: भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दाराशी बसलाय, तीन अनोळखी माणसं दिसतात आणि म्हातारा उठून पळत सुटतो. सारेला पीठ मळायला सांगतो, स्वतः गुरांकडे धावतो आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली उभा राहतो. एवढी धावपळ, आणि तिचं फळ म्हणजे पुत्राचं वचन. शुभवर्तमानात मार्थाही तेच करते, तर तिला मात्र समज मिळते! ही दोन वाचनं शेजारी ठेवली की आधी भांडण दिसतं. मग मधलं स्तोत्र बघा, पंधरावं. त्याचा पहिलाच प्रश्न असा, की प्रभो, तुझ्या तंबूत कोण राहील? म्हणजे अब्राहामाच्या तंबूत देव पाहुणा आणि स्तोत्रात देवाच्या तंबूत आपण पाहुणे. मार्थेच्या घरी यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे ठरवणं मग तितकं सोपं राहत नाही. दहा मिनिटांना हे पुरून उरेल.

मधल्या पत्रासाठी वेगळा उपाय. ते रविवारला जोडू नका, मागच्या आणि पुढच्या रविवारला जोडा. चार रविवार कलस्सैकर, मग पुढचं पत्र. पत्र हे पत्रासारखं वाचलं की पौलाचा स्वभाव कळू लागतो. तुकड्यातुकड्याने वाचलं की तो नुसता सुविचार लिहिणारा वाटतो.

यंदा कोणतं वर्ष चालू आहे हे कसं ओळखायचं? अ, ब, क चा गोंधळ होतो. (एक नवी वाचक)

सन तीनने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर क, बाकी एक उरली तर अ, दोन उरली तर ब. २०२५ ला पूर्ण भाग जातो, म्हणून क. २०२६ ला बाकी एक, म्हणून अ. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी अ म्हणजे मत्तय, ब म्हणजे मार्क, क म्हणजे लूक. योहानाला स्वतःचं वर्ष नाही, पण प्रायश्चित्तकाळ आणि पुनरुत्थानकाळ यांत तो बराच भेटतो. शिवाय मार्क आखूड असल्यामुळे ब वर्षाच्या उन्हाळ्यानंतर सलग पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो. सामान्य काळात रोजच्या मिस्सेचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या फेऱ्यात फिरतं: विषम सनात पहिलं वर्ष, सम सनात दुसरं. रोजचं शुभवर्तमान दरवर्षी तेच.

फक्त एक लक्षात ठेवा: उपासनेचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. ३० नोव्हेंबर २०२५ लाच अ वर्ष लागलं. भागाकार करताना पुढचा सन धरायचा.

मी इथेच एकदा आपटले आहे. आगमनकाळाचा पहिला रविवार, क वर्ष नुकतं लागलेलं, आणि वाचनग्रंथातली रिबीन ब वर्षाच्या पानावर. मी घरून यिर्मयाची तयारी करून आलेली. ग्रंथ उघडला तर समोर यशया: आकाश फाडून खाली ये, वगैरे. माणूस अशा वेळी थांबत नाही, रेटत जातो. मीही रेटलं. मग गायकांनी क वर्षाचं स्तोत्र म्हटलं आणि पहिल्या बाकावरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून मिस्सेआधी पंधरा मिनिटं जाऊन रिबीन स्वतः लावते. ग्रंथ दुसऱ्याने लावून ठेवला असला तरी.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये इफिसकरांस पत्राचं वाचन माझ्या वाट्याला आलं. ‘पत्नींनो, आपापल्या पतींच्या अधीन असा’ हे मला मोठ्याने म्हणावं लागलं. समोर माझी सून बसली होती. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, पण मलाच अपराधी वाटलं. हे वाचन पुन्हा आलं तर नकार देऊ का? (एक सासूबाई)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सून बोलली नाही याचा तुम्हाला त्रास झाला, हेच मला आवडलं.

तो २५ ऑगस्टचा रविवार, ब वर्षाचा एकविसावा. आता वाचनग्रंथ नीट उघडून बघा. त्या वाचनाचे दोन पर्याय छापलेले आहेत. मोठं वाचन पाचव्या अध्यायाच्या २१व्या ओवीपासून (ओवी म्हणजे अध्यायातलं आकडा घातलेलं वचन) सुरू होतं. छोट्या वाचनात अधीन असण्याच्या ओव्याच नाहीत. ते दुसऱ्या ओवीचा थोडा भाग घेऊन थेट २५व्या ओवीवर जातं, जिथे पतींना सांगितलंय की ख्रिस्ताने ख्रिस्तसभेवर, म्हणजे चर्चवर, केली तशी पत्नीवर प्रीती करा. कोणतं वाचायचं हे फादरांशी आधी बोलून ठरवता येतं. बहुतेक वाचक विचारतच नाहीत.

पण खरं सांगू? मी मोठंच वाचेन. कारण २१वी ओवी म्हणते की एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! ती ओवी आपण घाईघाईत, श्वास घेता घेता उरकतो आणि ‘पत्नींनो’वर जोर देतो. ती सावकाश वाचा, तिच्यानंतर थांबा, लोकांना ऐकू जाऊ द्या. मग मोजा: पत्नींना उद्देशून तीन ओव्या, पतींना त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यांत मागणी कुठली, तर स्वतःला देऊन टाकण्याची. पौलाच्या काळात पतींना हे ऐकणं जड गेलं असेल. छोटं वाचन निवडणाऱ्यालाही माझा दोष नाही. प्रवचनात त्यावर एक शब्दही बोलला जाणार नसेल, तर छोटंच बरं.

तुमच्या प्रश्नाने माझ्या एका जुन्या खोडीला हात घातलाय. रविवारचा उतारा वाचून झाला की मी बायबल उघडते आणि कुठे कात्री लागली ते बघते. ग्रंथात उताऱ्याच्या वर ओव्यांचे आकडे दिलेले असतात. मधे स्वल्पविराम दिसला की समजायचं, इथून काहीतरी गेलंय. बऱ्याचदा कारण साधं असतं, लांबी. पण कधी कधी जे गेलंय ते चटका लावतं.

विषम सनात सामान्य काळाच्या पंधराव्या आठवड्यातल्या सोमवारी निर्गमचा पहिला अध्याय येतो. ओव्या ८ ते १४, आणि मग एकदम २२. राजा इस्राएली लोकांना छळतो आणि मग मुलगे नदीत टाकायचा हुकूम देतो. मधल्या सात ओव्यांत कोण आहे? शिप्रा आणि पुवा, दोन सुइणी. मुलगा जन्मला तर मारून टाका, असं फारोने त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते केलं नाही. वर त्याला तोंडावर थाप मारली, की इब्री बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत त्या मोकळ्या होतात! अख्ख्या निर्गमात राजाला पहिला नकार या दोघींचा. बायबलने राजाचं नाव लिहिलं नाही, या दोघींची लिहिली. आणि मिस्सेतल्या वाचनात नेमक्या त्याच नाहीत.

दुसरं उदाहरण अ वर्षातलं. बेथानीत एक स्त्री येशूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतते. येशू म्हणतो की सर्व जगात जिथे जिथे ही सुवार्ता सांगतील तिथे तिथे हिने जे केलं तेही हिच्या स्मरणार्थ सांगतील. हे मत्तयाच्या २६व्या अध्यायात, १३व्या ओवीत. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, अ वर्षात येशूच्या दुःखसहनाचं वाचन सुरू होतं त्याच अध्यायाच्या १४व्या ओवीपासून. एक ओवी! ब वर्षात मार्काचं मोठं वाचन घेतलं तर ती भेटते, छोटं घेतलं तर नाही. पवित्र आठवड्यातल्या सोमवारी योहानाने सांगितलेला बेथानीचा प्रसंग दरवर्षी वाचतात, हे न्यायाने सांगायलाच हवं, पण त्यात ते वचन नाही.

कात्री लावणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथातून निवड करायची तर काही सुटणारच, आणि आधीच्या मानाने आज आपण कितीतरी पट अधिक बायबल ऐकतो. सुधारणाही होतात. मग्दालिया मरियेच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सणाचा दर्जा दिला, प्रेषितांच्या दिनांना असतो तसा. तिची आणि उठलेल्या येशूची बागेतली भेट रविवारच्या वाचनांत मात्र नाही. ईस्टरच्या दिवशीचं योहानाचं शुभवर्तमान ९व्या ओवीवर थांबतं, आणि ती रडत उभी आहे ११व्या ओवीत. तिची भेट होते ती ईस्टरनंतरच्या मंगळवारी, तेव्हा चर्चमध्ये मोजकी डोकी असतात.

तेव्हा नकार देऊ नका. हा रविवार २०२७ मध्ये परत येतोय. सूनबाईंना वाचनपीठावर पाठवा आणि तुम्ही समोर बसा.

प्रापंचिक माणूस मिस्सेत प्रवचन देऊ शकतो का? आमच्यातले काही जण फार छान बोलतात. (दोघा-तिघांनी विचारलंय)

नाही. १९८३ च्या चर्च कायद्याचं ७६७वं कलम स्पष्ट आहे: मिस्सेतलं प्रवचन धर्मगुरूचं किंवा डीकनचं (धर्मगुरूच्या खालच्या पायरीच्या दीक्षिताचं). गटात, प्रार्थनासभेत, घरी मिस्सेबाहेर चिंतन मांडायला कुणाचीच आडकाठी नाही. छान बोलणाऱ्यांना तिकडे वळवा, आणि घड्याळ समोर ठेवा.

रोजची वाचनं वाचून दोन ओळी लिहायचा नेम केला होता. प्रायश्चित्तकाळात चांगला चालला. सामान्य काळ आला आणि सगळं कोरडं पडलं. रोज तेच लिहिलं जातं: देवावर विश्वास ठेवा, क्षमा करा. काय चुकतंय? (एक निवृत्त कारकून)

तुम्ही शिकवण शोधताय. शिकवण चार-पाचच आहेत, त्या महिन्याभरात संपतात. वस्तू शोधा.

सामान्य काळ हा ३३ किंवा ३४ आठवड्यांचा. लॅटिनमध्ये त्याचं नाव आहे ‘वर्षभरातला काळ’, त्यात सामान्य वगैरे काही नाही. रोजच्या मिस्सेत आधी नऊ आठवडे मार्क, मग एकविसाव्यापर्यंत मत्तय, मग शेवटापर्यंत लूक. मार्कापासून सुरुवात करा, त्याच्याकडे वस्तू पुष्कळ. वादळाचा प्रसंग तिघांनीही सांगितलाय, पण येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता, हे एकट्या मार्कानेच लिहिलंय. उशी! पाणी नावेत शिरतंय, अनुभवी कोळी घाबरलेत, आणि याच्या डोक्याखाली उशी. त्या दिवशी वहीत ‘विश्वास ठेवा’ लिहू नका. ‘उशी’ एवढंच लिहा आणि दिवसभर ती सोबत असू द्या.

हाच प्रसंग ब वर्षात बाराव्या रविवारी येतो तेव्हा पहिलं वाचन ईयोबाच्या ३८व्या अध्यायातलं असतं. देव ईयोबाला विचारतो की समुद्र गर्भातून उसळून बाहेर आला तेव्हा दारं लावून त्याला कुणी अडवलं? मी ढगांचं वस्त्र त्याला घातलं, दाट काळोखात त्याला बाळासारखं गुंडाळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर देवाने समुद्राला दुपट्यात बांधलं. ज्याच्या भीतीने शिष्य ओरडतायत, तो देवाच्या लेखी नुकतं जन्मलेलं रडकं पोर. आता येशूचा ‘उगी, शांत हो’ ऐकून बघा. हुकूम ऐकू येतो की दुसरं काही?

हे मला कुठल्या टीकाग्रंथात मिळालं नाही. मी नात झाल्यावर तो उतारा वाचला, इतकंच.

आणि मोठ्याने वाचा. ही वाचनं कानांसाठी निवडलेली आहेत. संत जस्टिन याने दुसऱ्या शतकात रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय: प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ, वेळ असेल तितका वेळ वाचले जातात. त्या सभेत हातात प्रत होती ती एकट्या वाचकाच्या.

मावशी, १७ डिसेंबरला मत्तयाची वंशावळ येते. ती फादर वाचतात, पण आमच्या युवक गटाच्या प्रार्थनेत ती वाचायचं काम माझ्यावर आलंय. मागच्या वर्षी एक जण ‘जरुब्बाबेल’वर अडखळला आणि सगळे हसले. काही युक्ती? (एकोणीस वर्षांचा वाचक)

आहे. पण आधी हे ध्यानात घे की ती नावांची यादी नाही, चाल आहे. अमक्याला अमका झाला, अमक्याला अमका झाला. ‘झाला’वर ठेका धर, मग नावं आपोआप ठेक्यावर पडतात. जिथे ठेका मोडतो तिथे मत्तयाने मुद्दाम मोडलाय: तामार, राहाब, रूथ आणि चौथी, जिचं नाव न घेता तो ‘उरीयाची बायको’ म्हणतो. या चौघींपाशी वेग कमी कर. सासऱ्याकडून आपला हक्क मिळवणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबातून आलेली परकी रूथ, आणि जिच्या नवऱ्याला दावीदाने लढाईत मारवलं ती. नीतिमान योसेफाच्या वंशावळीत यांना कशाला आणलं, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उठायला हवा. शेवटी पाचवी, मरिया. तिथे तर चालच पालटते. ‘योसेफाला येशू झाला’ असं मत्तय म्हणत नाही. ते वाक्य घरी दहा वेळा वाचून जा.

अवघड नावं तोडून सराव कर. जरु-ब्बा-बेल. शल-ती-एल. यहो-शाफाट. अम्मी-ना-दाब. वाचताना चुकलास तर मागे जाऊन दुरुस्त करू नकोस; लोकांना चूक कळत नाही, दुरुस्ती कळते.

श्वास दोनदा घ्यायचा: दावीदापाशी आणि बाबेलच्या हद्दपारीपाशी. मत्तय शेवटी सांगतो की चौदा, चौदा आणि चौदा पिढ्या. हिब्रूत दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीजही चौदाच: चार, सहा, चार. पण शेवटचा गट हद्दपारीनंतरच्या शल्तीएलापासून येशूपर्यंत मोजलास तर तेराच नावं भरतात. चौदावं कोणतं, यावर लोक फार पूर्वीपासून डोकं खाजवत आलेत. तू आणि तुझा गट बोटांवर मोजून बघा, आणि काय ठरलं ते मला पुढच्या महिन्यात लिहून कळव.